दिव्यांना लागलेली उचकी

आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्या नवऱ्याशी बोलतं. विलास काउंटरला उभा असतो, खांद्यावर वायरचं वेटोळं, कानामागे टेस्टर. गिऱ्हाईक म्हणतं, "गाण्यावर नाचणारी लायटिंग पायजे." विलास सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि अंगठ्याने मागे दाखवतो.

"मी फक्त वायर वोडतो. नाचवणारी ती बसलीय."

मागे मी. लॅपटॉपसमोर, कानाला हेडफोन, टेबलावर बोटांनी ताल धरलेला. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, परत विलासकडे बघतं.

"वयनी हिशोब बघतात काय?"

"हिशोब नाय, गाणं बघते."

मुरबाडच्या बाजारात आमचं हे असं चालू आहे. गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळाला तानसा तलावाच्या बाजूचे रिसॉर्टवाले आणि उन्हाळ्यात हळदी. कमानीवरचे दिवे ढोलाच्या ठोक्याला उघडमीट करतात, बासरी लागली की निळे होतात, शेवटच्या गजराला सगळे एकदम पेटतात. लोकांना वाटतं दिवे गाणं ऐकतात. दिवा काही ऐकत नाही. कुठल्या क्षणाला कुठली माळ कुठल्या रंगात पेटवायची हे आधी कुणीतरी बसून लिहावं लागतं. ते मी लिहिते.

त्यासाठी गाणं कॉम्प्युटरात घ्यावं लागतं. त्याला इंपोर्ट म्हणतात. शब्द ऐकून वाटतं बंदरावर जहाज लागलंय. प्रत्यक्षात ते तांदूळ निवडण्यासारखं काम आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेलं गाणं कोंडा-खड्यांसकट येतं. तसंच आत घातलं तर सुरुवातीला सगळं ठीक चालतं आणि शेवटाकडे दिवे गाण्याच्या पुढे पळायला लागतात, घरची ओढ लागलेल्या बैलासारखे. म्हणून गाणं आधी साध्या, मोठ्या फाइलीत बदलून घ्यायचं. सुरुवातीची रिकामी जागा कापायची. मधला खोकला, हॉर्न, "अरे चहा आण" हे सगळं काढायचं. मग ते पडद्यावर दिसतं, एका आडव्या रेघेवर करवतीच्या दात्यांसारखं. मोठा आवाज तिथे मोठा दाता. मी गाणं ऐकत प्रत्येक ठोक्याला बटण दाबत जाते, तिथे तिथे खूण पडते आणि त्या खुणांना दिवे बांधायचे. घाई असली तर खुणा कॉम्प्युटर आपण होऊनही करतो. पण त्याला अक्कल नसते. जो आवाज मोठा तो महत्त्वाचा, एवढंच त्याला कळतं. माणसांतही असे असतात, पण तो विषय वेगळा.

कॉम्प्युटरवर विश्वास टाकल्याने किन्हवलीच्या एका हळदीत काय झालं ते सांगते. मुलीच्या काकांनी गाणं पाठवलं ते घरच्या टीव्हीवर लागलेलं असताना मोबाइलमध्ये धरलेलं. ऐन मांडवाच्या दिवशी दुपारी. निवडायला वेळ नव्हता, खुणा कॉम्प्युटरने केल्या. संध्याकाळी गाणं सुरू झालं, दिवे आपले मिणमिण करत होते आणि मध्येच फिस्स्स करून कुकरची शिट्टी वाजली. त्याबरोबर अख्खी कमान, दोन्ही बाजूंचे मोर आणि वरचं कमळ एकदम लखलखलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढची शिट्टी झाली, पुन्हा लखलखाट. तेवढ्यात हळद लावता लावता नवरीची आत्या ओरडली, "गो बाय, डाळ शिजली, गॅस बंद कर कोणतरी!" आणि खरोखर एक बाई उठून आत गेली.

एका शाळेच्या गुरुजींनी तर मला मौन पाठवलं होतं. श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. फाइल उघडली तर आत काहीच नाही, इस्त्री केल्यासारखी सरळ रेघ. मी फोन केला.

"गुरुजी, यात आवाज नाही."

"बाई, मौन आहे ते. त्यावर काहीतरी बसवा. साधं बसवा."

मी सगळे दिवे हळूहळू मंद करत नेले आणि हळूहळू परत आणले. कार्यक्रमानंतर गुरुजी म्हणाले, "इतकं चांगलं मौन आमच्याकडे पहिल्यांदाच झालं."

पण माझ्या धंद्यातली खरी परीक्षा झाली ती वैशाखऱ्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही. कारण या गोष्टीतले नाना ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक मिळाला की जाहिरातींसकट वाचतात.

त्या वाडीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष जितू श्रावणातच दुकानात आला. रोज अंबरनाथला कंपनीत जाणारा मुलगा, बोलणं सगळं फास्ट. यंदा तो थेट माझ्याकडे वळला.

"वयनी, शेजारच्या वाडीनं गेल्या साली विकतच्या म्युझिकवर लायटिंग केली. आमाला विकतचं नको. आमची आरती पायजे. आमच्या गावाच्या तोंडची. आमच्या आवाजावर लायटी नाचल्या पायजेत, आन ती वाडी बघायला आली पायजे. मी आमंत्रण देऊन बसलोय."

कल्पना मला आवडली. एका संध्याकाळी आम्ही रेकॉर्डर घेऊन वाडीत गेलो. मारुतीच्या देवळात सगळं गाव जमलं. टाळ, ढोलकी, घंटा, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पहिल्या रांगेत नाना उभे होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, शंखासारखा आवाज. वाडीत त्यांना फार मान. गणपती बसतो तोही त्यांच्याच खळ्यात आणि मांडवाला वीज येते तीही त्यांच्याच घरातून, कारण तात्पुरत्या मीटरचा अर्ज करायचं मंडळाला दरवर्षी विसर्जनानंतर आठवतं.

आरती झाली. जोरात झाली. मी रेकॉर्डर बंद केला, सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. घरी येऊन मी आरती कॉम्प्युटरात घेतली, खुणा केल्या, दिवे बांधले. गणपतीच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला, मांडवात ट्रायल लावली.

दिव्यांना उचकी लागली.

दुसरा शब्द नाही. आरतीची ओळ यायची, कमान पेटायची, विझायची आणि लगेच दचकल्यासारखी पुन्हा पेटायची. प्रत्येक ओळीला तसंच. कमानीवरचा दिव्यांचा उंदीर तर असा थरथरत होता की जितूची आई म्हणाली, "त्याला थंडी वाजून आली काय?"

विलास शिडीवर चढला. सगळे जोड तपासले. मला स्पीकरचा संशय आला. मंडळाने नवा बिनवायरचा स्पीकर आणला होता आणि तसल्या स्पीकरातून आवाज हमखास जरा उशिराने बाहेर पडतो. तो काढून वायरचा स्पीकर लावला. उचकी तशीच. विलास म्हणाला, "कंट्रोलरच्या पेटीत पाल गेली आसंल." पेटी उघडली. पाल निघालीही, पण तिला बाहेर काढूनसुद्धा उचकी थांबेना.

शेवटी मी आरतीचा आलेख मोठा करून बघितला. प्रत्येक ओळीला एकाऐवजी दोन उंचवटे होते. एक मोठा, रुंद, आणि त्याच्यामागे अर्ध्या श्वासावर दुसरा, एकटा पण टोकदार. हेडफोन लावून नुसता दुसरा उंचवटा ऐकला आणि मला सगळं कळलं.

पहिला उंचवटा गावाचा होता, दुसरा नानांचा.

सगळं गाव ओळ संपवायचं आणि मग नाना ती संपवायचे. टाळीसुद्धा मागाहून. देवळात ते कुणाला जाणवत नव्हतं, कारण गावाला त्याची जन्मापासून सवय. मी जितूला बाजूला घेऊन दाखवलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आयला, नाना! त्यांचं लहानपणापास्नं तसंच हाय."

नानांच्या बायकोने, नानीने, त्यात भर घातली. "लग्नात सगळ्यांचं 'सावधान' म्हणून झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट काढला, आन मग ह्ये पलीकडनं 'सावधान' म्हणाले. मी तवाच सावध व्हायला पायजे व्हतं."

आता काय करायचं? नानांचा आवाज कापता येईना, तो सगळ्यांच्या आवाजात मुरलेला. जितूने फास्ट तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना डोळे तपासायला मुरबाडला जाणार होते. तेवढ्यात नानांशिवाय आरती पुन्हा भरून घ्यायची. मला ते पटत नव्हतं, पण गणपती उंबऱ्यावर आला होता. त्या सकाळी गावाने चोरासारखी, दबक्या पायांनी देवळात जाऊन आरती म्हटली. आवाज स्वच्छ आला. आलेख बघितला तर एकेका ओळीला एकेक उंचवटा, ओळीने लावलेल्या भातासारखा. मी दुपारभर बसून नव्या खुणा केल्या.

संध्याकाळी ट्रायल लावली. दिवे असे चालले की विलासने शिडीवरूनच टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात घरातून नाना आले. डोळ्यांना नवा काळा चष्मा. मूर्ती अजून आलेली नव्हती, पण रिकाम्या मखरासमोर हात जोडून त्यांनी सगळी आरती ऐकली. संपल्यावर म्हणाले,

"झ्याक झालंय. बायांचा आवाज आलाय, ढोलकी आलीय. माझा काय कुठं ऐकू आला नाय."

जितू म्हणाला, "नाना, तुमचा आवाज जाड ना, तो बेसमधी गेलाय. खाली. तो ऐकू येत नाय, पण आसतो."

"अस्सं," नाना म्हणाले. "बेसमधी."

ते शांतपणे घरात गेले. क्षणभराने मांडवातली सगळी वीज गेली. कमान, मखर, पंखा, सगळं. जितू त्यांच्या ओटीवर धावला. "नाना, लाईट गेली!"

आतून आवाज आला, "गेली नाय रे. हाय. पण ऐकू येत नाय. बेसमधी आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती यायचा होता आणि संध्याकाळच्या आरतीला शेजारची वाडी. गणपतीच्या आदल्या दिवशी मोकळा जनरेटर सगळ्या तालुक्यात मिळत नाही. सगळं मंडळ नानांच्या ओटीवर हात जोडून बसलं. नाना झोपाळ्यावर, काळा चष्मा घालून, कुणाकडे बघतायत ते कळेना.

"मी उशिरा म्हणतो काय?" ते म्हणाले. "आरं, तुमी घाई करता. देवाला काय शेवटची यष्टी गाठायचीय?"

"नाना, पण सगळे एकदम म्हणतात आन तुमी..." जितू बोलायला गेला.

"मी माझ्या येळेला म्हणतो," नाना म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "आमचं घर तवा वोहळाच्या पल्याड. पावसात वोहळ भरला का अल्याड येता येत नसं. मंग आमी आंगणातच उभं ऱ्हायचं. देवळातली आरती पाण्यावरनं ऐकू यायची, आली का आमी उचलायची. माझा बाप तशीच म्हणायचा. आमची चार घरं तशीच म्हणायची. आता सगळी अल्याड आली, मोठी मानसं गेली. ऱ्हायलो मी. तुमच्या बाजूला उभा ऱ्हातो म्हणून काय झालं, आरती मला पल्याडचीच येती."

नानीने हातातली सुपारी कातरायची थांबवली होती. सावधानाची थट्टा इतकी वर्षं करणाऱ्या बाईला हे बहुधा ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून आज पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

मला माझंच वाईट वाटलं. इतकी वर्षं मी गाणी निवडतेय. किती जणांचे मागे राहिलेले आवाज, किती खोकले, किती म्हाताऱ्या गळ्यांची थरथर मी खडा म्हणून वेचून फेकली असेल! त्या प्रत्येकाला विचारत बसले असते तर एकही कमान वेळेवर उभी राहिली नसती हेही खरं.

मी विचारलं, "नाना, पल्याड आता काय आहे?"

"काय नाय. जोतं हाय आन मोहाचं झाड हाय."

मी खळ्याखालून वाहणाऱ्या ओहोळाकडे बघितलं. "नाय," विलास म्हणाला.

"मी अजून काही बोलले नाही."

"तुझी नजर पल्याड गेली ना. वायर पल्याड न्यायची म्हंजे पान्यात कोन उतरनार?"

तो उतरला. सकाळी गणपती वाजतगाजत येत होता आणि माझा नवरा कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर माळांचं गाठोडं घेऊन, ओहोळ ओलांडत होता. लांबच्या वायरीत सिग्नल दमतो, त्याला मध्ये एक छोटी पेटी लावून ढकलावं लागतं. ती पेटी लावायला त्याने ऐन ओहोळात बांबू रोवला. बांबू रुतला, विलास घसरला आणि छातीपर्यंत आत गेला. पेटी तेवढी त्याने हात वर करून कोरडी ठेवली. काठावरून मिरवणूक चालली होती. कुणीतरी ओरडलं, "आरं, विसर्जन आजच हाय काय?"

मी मांडवामागे लॅपटॉप घेऊन बसले होते. पहिली आरती, नानांची उचकी असलेली, मी परत इंपोर्ट केली. आता खुणांच्या दोन रांगा केल्या. पहिल्या उंचवट्याला कमान बांधली. दुसऱ्याला, फक्त त्या एकट्या टोकदार उंचवट्याला, मोहाचं झाड.

नानांना हे काही सांगितलं नव्हतं. पहिलीच, तुमच्या आवाजाची आरती ठेवलीय, एवढंच जितूने त्यांच्या कानात घातलं. नानांनी उठून मांडवाच्या विजेचं बटण चालू केलं.

संध्याकाळी शेजारची वाडी आली, हाताची घडी घालून उभी राहिली. आरती सुरू झाली. स्पीकरातून गाव आणि समोर उभं असलेलं गाव, दोन्ही एकदम म्हणायला लागले. पहिली ओळ आली, कमान पेटली. ती विझतेय तोच ओहोळापलीकडच्या अंधारात मोहाचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळंधमक उजळलं. विझलं. दुसरी ओळ, कमान. मग झाड. पोरं ओरडली. बाया टाळ्या चुकल्या. पाहुण्या वाडीची हाताची घडी सुटली आणि सगळ्यांच्या माना इकडून तिकडे, तिकडून इकडे, पत्रा वाऱ्यावर हलावा तशा हलायला लागल्या. झाड पेटल्याशिवाय पुढची ओळ कुणी उचलेना. अख्खं गाव झाडासाठी थांबायला लागलं, त्यामुळे स्पीकरातली आरती पुढे निघून गेली आणि समोरची मागे राहिली. इतकी बेताल आरती मी कधी ऐकली नाही. कुणाला त्याचं काही नव्हतं.

मी नानांकडे बघितलं. ते म्हणत नव्हते. तोंड अर्धवट उघडं, हात टाळीसाठी वर, तसेच ओहोळाकडे बघत उभे होते. स्पीकरातून त्यांचाच आवाज येत होता आणि त्या आवाजाला पलीकडे झाड पेटत होतं. नानीने त्यांच्या दंडाला हात लावला. "म्हणा की," ती म्हणाली. "पल्याडनं आली बघा."

शेवटच्या गजराला मी दोन्ही एकदम पेटवणार होते. तसं लिहूनही ठेवलं होतं. ऐनवेळी मी ते काढून टाकलं. गजर झाला, कमान लखलखली आणि मग, आपल्या वेळेला, झाड.

प्रसाद वाटताना शेजारच्या वाडीचा अध्यक्ष माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाय, आमच्याकडं वोहळ नाय. विहीर हाय. चालंल?"

विलास तोवर अंगावर पंचा घेऊन, नानीने दिलेला गवती चहा पीत, चुलीपाशी बसला होता. त्याने तिथूनच सांगितलं, "विहिरीत मी उतरनार नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जोड तपासायला वाडीत गेले तर नाना माझी वाट बघत होते. काळा चष्मा, कडक सदरा. मला बाजूला घेतलं.

"वयनी, काम झ्याक केलंत. गाव खूश हाय. फक्त एक हाय, राग मानू नका."

"बोला ना, नाना."

"त्या मोहाच्या झाडाची लाईट. जराशी उशिरा लागती. कमान पेटली का मंग लागती. कोनाच्या ध्यानात आलं नसंल, पन मला कळतं. ती तेवढी बरोबर करा."

मी त्यांच्याकडे बघितलं. चष्म्यामुळे डोळे दिसेनात. मी म्हटलं, "बघते, नाना." लॅपटॉप उघडला, चार बटणं दाबल्यासारखं केलं आणि कशालाही हात न लावता मिटला.

त्या संध्याकाळची आरती झाली. कमान पेटली, झाड पेटलं, नाना खड्या आवाजात म्हणाले, टाळ्याही वाजवल्या. आरती संपल्यावर तबकावर हात फिरवून तो डोळ्यांना लावत ते माझ्याजवळ आले.

"आता कशी बसली!" ते म्हणाले. "फरक कळतो."

"कळतो ना," मी म्हटलं.